प्रकाशाने घडविलेली प्रतिमा

वस्तू आपल्याला दिसते, कारण तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो. वस्तू स्वतः प्रकाशमान असो वा दुसऱ्याच्या प्रकाशाने उजळलेली असो, डोळ्याला तिची जी काही वार्ता मिळते ती प्रकाशाकडूनच मिळते. ह्यावरून एक विलक्षण शक्यता निर्माण होते. वस्तू समोर नसली, तरी तिच्यापासून यावयाचा तसाच प्रकाश दुसऱ्या एखाद्या उपायाने डोळ्यापर्यंत पोहोचविला, तर ती वस्तू तेथे असल्याचा प्रत्यय येईल. पडद्यावरील चित्रपट, रंगमंचावरील भुताचा खेळ आणि होलोग्राम ही तिन्ही ह्या एकाच शक्यतेची रूपे आहेत. ती साधण्याचे तिघांचे मार्ग मात्र अगदी भिन्न आहेत.

२३ जानेवारी २०२२ रोजी नवी दिल्लीत इंडिया गेटजवळील छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस ह्यांची २८ फूट उंचीची प्रकाशप्रतिमा उजळली, तेव्हा तिला ‘होलोग्राम पुतळा’ असे नाव मिळाले. मोठमोठ्या सभांतून आणि संगीताच्या कार्यक्रमांतून दिसणाऱ्या तशाच प्रतिमांनाही हेच नाव दिले जाते. बँकेच्या पत्रिकेवर चमकणाऱ्या लहानशा चौकटीलाही होलोग्रामच म्हणतात. ह्यांपैकी खरा होलोग्राम कोणता, आणि तो ओळखावा कसा, हे समजण्यासाठी ह्या तिन्ही मार्गांची ओळख क्रमाने करून घेणे आवश्यक आहे.

जादूचा कंदील

प्रक्षेपणाचे मूळ साधन म्हणजे जादूचा कंदील. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स ह्यांनी १६५९ मध्ये त्याची रचना केली होती. एक दिवा, त्याच्यापुढे काचेवर रंगविलेले चित्र आणि चित्रापुढे एक बहिर्गोल भिंग, एवढीच त्याची सामग्री होती. चित्र भिंगाच्या नाभीच्या किंचित पलीकडे ठेवले, म्हणजे दूरच्या पडद्यावर त्याची मोठी व उलटी प्रतिमा उमटते. म्हणूनच काच कंदिलात उलटी बसवावी लागते. दिव्याचा प्रकाश वाया न जाता चित्रावर सारखा पसरावा म्हणून दिवा आणि चित्र ह्यांच्यामध्ये आणखी एक जाड भिंग बसविण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

महाराष्ट्राला हा कंदील अपरिचित नव्हता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी १८९० नंतरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नावाने त्याचे खेळ सुरू केले. हाताने रंगविलेल्या काचा एकामागून एक सरकवून आणि जोडीला निवेदन व गाणी देऊन पुराणकथा पडद्यावर सांगितल्या जात. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्या यंत्रातही प्रकाशाचे तत्त्व कंदिलाचेच होते. काचेच्या जागी फीत आली होती, एवढाच काय तो फरक.

प्रक्षेपणाची मुख्य अडचण उजेडाची असते. ३६ मिलिमीटर रुंदीचे चित्र १.८ मीटर रुंदीच्या पडद्यावर पाडले, तर त्याची रुंदी ५० पट होते, पण क्षेत्रफळ २,५०० पट होते. चित्रातून जो प्रकाश बाहेर पडतो तोच आता २,५०० पट जागेवर वाटला जातो आणि तेवढ्याच प्रमाणात फिका पडतो. म्हणूनच प्रक्षेपकाचा इतिहास हा बव्हंशी प्रखर दिव्यांचा इतिहास आहे. तेलाच्या वातीनंतर तापविलेल्या चुन्याचा दिवा, नंतर कार्बनच्या कांड्यांमधील विद्युत्‌ज्योत, मग झेनॉनचा दिवा आणि अलीकडे लेसर असा हा क्रम आहे.

चित्राच्या काचेची जागाही आता इलेक्ट्रॉनिक साधनांनी घेतली आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत लॅरी हॉर्नबेक ह्यांनी अतिसूक्ष्म आरशांची एक चकती तयार केली. नखाएवढ्या जागेत लक्षावधी आरसे असतात आणि चित्रातील प्रत्येक ठिपक्यासाठी एक आरसा राखलेला असतो. आरसा एका बाजूस कलला, की त्याचा प्रकाश भिंगाकडे जातो. दुसऱ्या बाजूस कलला, की तो बाजूला फेकला जातो. सेकंदाला हजारो वेळा होणाऱ्या ह्या हालचालीत आरसा भिंगाकडे जितका अधिक काळ कललेला राहील, तितका तो ठिपका अधिक उजळ दिसतो.

पडद्याचे कार्य

ह्या साऱ्या व्यवस्थेत पडद्याचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. अंधाऱ्या चित्रपटगृहात डोक्यावरून जाणारा प्रकाशाचा झोत दिसतो, तो हवेत धूळ असते म्हणून. धुळीचा प्रत्येक कण त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा अंश आपल्या डोळ्यांकडे वळवितो. हवा अगदी निर्मळ असती, तर झोत डोळ्यांसमोरून निघून गेला असता आणि तरी दिसला नसता. प्रकाश सरळ रेषेत जातो. वाटेत त्याला वळविणारे काही भेटले नाही, तर तो पाहणाऱ्याकडे वळत नाही. म्हणूनच रिकाम्या हवेत चित्र पाडता येत नाही. पडदा, भिंत, धुके, धूर, पाण्याचा फवारा ह्यांपैकी काहीतरी असावेच लागते.

पांढरा पडदा त्याच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखरून टाकतो. त्यामुळेच सभागृहातील प्रत्येकाला चित्र दिसते. पण ह्या सोयीची किंमतही मोजावी लागते. डाव्या टोकाच्या आसनावर बसलेल्याला जे चित्र दिसते तेच उजव्या टोकाच्या आसनावरूनही दिसते. चित्रातील खांबामागे कोण उभे आहे हे मान वाकडी करून पाहता येत नाही. पडद्यावर खोली नसते. ती पाहणाऱ्याच्या मनाने सावल्यांवरून आणि लहानमोठ्या आकारांवरून कल्पिलेली असते.

पेपरचे भूत

पडदाच दिसू नये अशी योजना केली, तर प्रतिमा हवेत तरंगत असल्याचा भास निर्माण होतो. रात्रीच्या प्रवासात आगगाडीच्या खिडकीच्या काचेत ह्याचा अनुभव येतो. डब्यातील दिव्याने उजळलेला आपलाच चेहरा बाहेरच्या अंधारात, झाडांच्या मधोमध उभा असलेला दिसतो. काच दिसत नाही, प्रतिबिंब तेवढे दिसते, आणि काचेपलीकडील जगही दिसत राहते.

ह्याच गोष्टीचा उपयोग करून हेन्री डर्क्स ह्या इंग्रज अभियंत्याने रंगमंचावर भूत दाखविण्याची कल्पना मांडली. जॉन हेन्री पेपर ह्यांनी ती सुधारून २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत तिचा प्रयोग केला. रंगमंचापुढे एक मोठी स्वच्छ काच तिरकी उभी केली होती. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खालच्या खड्ड्यात एक नट प्रखर प्रकाशात उभा असे. त्याचे प्रतिबिंब काचेमागे, तो काचेपुढे जितक्या अंतरावर असेल तितक्याच अंतरावर, रंगमंचावरील खऱ्या नटांच्या शेजारी दिसे. खड्ड्यातील दिवा वाढविला की भूत प्रकट होई, मंद केला की विरून जाई.

आजच्या रंगमंचावरील बहुतेक ‘होलोग्राम’ म्हणजे पेपरचेच भूत होय. जड काचेऐवजी जवळजवळ अदृश्य असा ताणलेला पातळ पारदर्शक पापुद्रा असतो आणि खड्ड्यातील नटाची जागा प्रक्षेपकाने पाडलेल्या चित्राने घेतलेली असते. २०१२ च्या गुजरात विधानसभेच्या आणि २०१४ च्या लोकसभेच्या निवडणुकीत नरेंद्र मोदी ह्यांची भाषणे एकाच वेळी अनेक गावांतून अशाच प्रतिमेद्वारे दाखविण्यात आली. योजना परिणामकारक होती, पण तत्त्व १८६२ चेच होते. पापुद्र्यातून दिसणारी ती प्रतिमा सपाटच होती. भोवतालच्या खऱ्या व्यासपीठामुळे ती भरीव वाटत होती.

छायाचित्रात काय हरवते

खरा होलोग्राम कसा वेगळा आहे, हे समजण्यासाठी प्रकाशाच्या तरंगरूपाकडे वळावे लागते. तळ्याच्या शांत पाण्यात खडा टाकला, की वर्तुळाकार लाटा पसरू लागतात. अशा लाटेविषयी दोन गोष्टी सांगता येतात. एक, तिची उसळी किती मोठी आहे. हिला परमप्रसर म्हणतात. दुसरी, एखाद्या क्षणी एखाद्या ठिकाणी लाट चढणीवर आहे, माथ्यावर आहे, उतरणीवर आहे की तळाशी आहे. हिला कला म्हणतात. चंद्राच्या कलेवरून तो आपल्या चक्रात कोठवर आला हे जसे कळते, तसेच तरंगाच्या कलेवरून तो आपल्या चक्रात कोठवर आला हे कळते.

वस्तूपासून निघालेल्या प्रकाशतरंगात ह्या दोन्ही गोष्टी असतात. परमप्रसरावरून वस्तूचा कोणता भाग उजळ आणि कोणता काळोखा हे समजते. कलेत मात्र वस्तूच्या खोलीची माहिती असते. कारण दूरच्या बिंदूपासून आलेला तरंग जवळच्या बिंदूपासून आलेल्या तरंगापेक्षा अधिक वाट चालून आलेला असतो. छायाचित्राच्या फितीला फक्त प्रकाशाची तीव्रता कळते. दृश्य प्रकाशाची कंपने सेकंदाला सुमारे ५०० लक्ष कोटी असतात आणि तेवढ्या वेगाचा पाठपुरावा कोणतीही फीत किंवा डोळा करू शकत नाही. परिणामी कला हरवते आणि तिच्याबरोबर खोलीही हरवते.

गॅबोर ह्यांची युक्ती

ही हरवलेली कला पकडण्याचा उपाय डेनिस गॅबोर ह्यांना १९४७ मध्ये सुचला. बुडापेस्ट येथे १९०० मध्ये जन्मलेले गॅबोर त्या वेळी इंग्लंडमधील रग्बी येथे एका विद्युत् कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. त्रिमितीय चित्रे काढावीत असा त्यांचा हेतू नव्हता; इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांतील दोषांवर त्यांना मात करावयाची होती.

त्यांची युक्ती अशी होती. तळ्यात एकाच वेळी दोन खडे टाकले, तर लाटांची दोन वर्तुळे एकमेकांतून जातात. जेथे दोन्हींचे माथे एकत्र येतात तेथे पाणी अधिक उसळते. जेथे एकीचा माथा व दुसरीचा तळ एकत्र येतो तेथे पाणी स्थिर राहते. ह्यालाच व्यतिकरण म्हणतात. प्रकाशाचे असे व्यतिकरण होते, हे टॉमस यंग ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखविले होते. आता वस्तूपासून आलेल्या तरंगाबरोबर एक साधा, ज्ञात असा तरंग प्रकाशसंवेदी काचेवर पाडला, तर दोहोंच्या व्यतिकरणाने उजळ व काळ्या पट्टांची नक्षी उमटेल. ही नक्षी तीव्रतेची असल्यामुळे काच ती टिपू शकेल. पण पट्ट कोठे पडावेत हे कलेवरून ठरत असल्यामुळे कलाही तीत साठविली जाईल. ह्या ज्ञात तरंगाला संदर्भ शलाका असे म्हणता येईल. ‘संपूर्ण’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून गॅबोर ह्यांनी अशा आलेखाला ‘होलोग्राम’ हे नाव दिले.

१९४८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पारवाफेच्या दिव्याच्या प्रकाशात एका अगदी लहानशा पारदर्शक चित्राचा होलोग्राम त्यांनी घेतला होता. त्या चित्रावर हायगेन्स, यंग आणि फ्रेनेल ही प्रकाशविज्ञानातील तीन पूर्वसूरींची नावे होती. परंतु प्रगती तेथेच अडली. स्थिर व्यतिकरणासाठी दोन्ही तरंगांच्या कलांमध्ये कायमचे नाते असावे लागते, म्हणजे प्रकाश सुसंगत असावा लागतो. दिव्यातील असंख्य अणू आपापल्या लहरीने प्रकाश सोडतात. त्यातून सुसंगती फारच थोड्या अंतरापर्यंत टिकते. शिवाय ह्या पद्धतीत मूळ प्रतिमेच्याच रेषेत तिची एक अंधुक जुळी प्रतिमा येऊन चित्र बिघडवीत असे. कल्पना तयार होती, पण तिला हवा तसा प्रकाश जगात नव्हता.

लेसरचे आगमन

तो प्रकाश १९६० मध्ये मिळाला. त्या वर्षी थिओडोर मेमन ह्यांनी पहिला लेसर चालवून दाखविला. त्यानंतर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि ज्युरिस उपात्निएक्स ह्यांनी संदर्भ शलाका काचेवर बाजूने, तिरकी पाडली. त्यामुळे जुळी प्रतिमा निराळ्या दिशेस गेली आणि मूळ प्रतिमा निर्वेध दिसू लागली. १९६४ मध्ये त्यांनी दाखविलेला खेळण्यातील आगगाडीचा होलोग्राम पाहताना शास्त्रज्ञांनाही काचेमागे खरी गाडी आहे असे वाटले. गॅबोर ह्यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

होलोग्राम घेण्याची रीत सांगावयास सोपी आहे. लेसरची शलाका अर्धपारदर्शक आरशाने दुभागतात. एक भाग वस्तूवर पडून तेथून काचेकडे येतो. दुसरा भाग आरशावरून वळून थेट काचेवर येतो. प्रत्यक्षात मात्र हे काम अत्यंत नाजूक असते. हीलियम-निऑन लेसरच्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर असते. दोन्ही शलाकांमध्ये ३० अंशांचा कोन असेल, तर व्यतिकरणाचे पट्ट एकमेकांपासून सुमारे १.२ मायक्रोमीटर अंतरावर पडतात. म्हणजे एका मिलिमीटरात ८०० हून अधिक पट्ट मावतात. त्यासाठी नेहमीच्या फितीपेक्षा कितीतरी सूक्ष्म कणांचे रसायन लागते. काच उघडी असेपर्यंत वस्तू तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या सहा-सात हजाराव्या भागाएवढी हलली, तरी नक्षी पुसट होऊ लागते. रस्त्यावरून जाणारे वाहनही काम बिघडवू शकते. म्हणून सारी मांडणी कंपने शोषून घेणाऱ्या जड टेबलावर करतात.

धुऊन तयार झालेल्या काचेवर साध्या प्रकाशात वस्तूचा मागमूसही दिसत नाही; दिसतो तो करडा धुरकटपणा. पण तिच्यावर मूळच्याच कोनातून संदर्भ शलाका टाकली, की त्या सूक्ष्म पट्टांवरून प्रकाश वळतो. ह्या वळण्याला विवर्तन म्हणतात. विवर्तनाने असा तरंग पुन्हा निर्माण होतो, की जणू वस्तूपासून निघालेला प्रकाश काचेपाशी थांबून राहिला होता आणि आता पुढे निघाला आहे. डोळ्याच्या दृष्टीने ह्या तरंगात व मूळ तरंगात भेद उरत नाही. मान डावीकडे नेली, तर पुढच्या वस्तूमागे लपलेली वस्तू दिसू लागते. देखाव्यात एखादे भिंग ठेवलेले असेल, तर डोळा सरकविताच त्याच्यातून मागच्या वस्तूचा निराळा भाग मोठा होऊन दिसतो.

अशा होलोग्रामची काच फुटली, तर प्रत्येक तुकड्यातून सबंध देखावा दिसतो. ह्यात चमत्कार काही नाही. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासूनचा प्रकाश काचेच्या प्रत्येक भागावर पडलेला असतो. खिडकी बंद करून फळीला एक भोक ठेवले, तरी त्याला डोळा लावून बाहेरचे अंगण पाहता येते. मात्र तेवढ्याच एका ठिकाणाहून पाहता येते. तुकडा जितका लहान, तितका दृष्टिकोन अरुंद आणि तपशील पुसट होतो.

खिडकीच्या ह्या उपमेतच होलोग्रामची मर्यादाही आहे. त्याची प्रतिमा काचेच्या मागे दिसू शकते, काचेच्या पुढे आलेलीही दिसू शकते. पण पाहणाऱ्याची दृष्टी नेहमी काचेकडेच असावी लागते. सभागृहाच्या मध्यभागी, मागे-पुढे काहीही नसताना, चारी बाजूंनी दिसणारी आकृती होलोग्रामनेही उभी करता येत नाही.

लेसरविना होलोग्राम

पाहण्यासाठी लेसर लागतो तोवर होलोग्राम प्रयोगशाळेबाहेर येणे कठीण होते. सोव्हिएत संघात युरी डेनिस्युक ह्यांनी १९६२ मध्ये निराळा मार्ग दाखविला. वस्तूचा तरंग व संदर्भ तरंग काचेच्या परस्परविरुद्ध बाजूंनी आणले, तर पट्ट रसायनाच्या जाडीत थरांसारखे रचले जातात. हे थर पांढऱ्या प्रकाशातून एकच रंग निवडून परत पाठवितात. त्यामुळे असा होलोग्राम साध्या दिव्याखालीही दिसतो.

१९६८ मध्ये अमेरिकेत स्टीफन बेंटन ह्यांनी इंद्रधनुषी होलोग्राम तयार केला. त्यात वर-खाली पाहण्याची सोय सोडून देऊन पांढऱ्या प्रकाशातील उजळपणा साधला आहे. ह्या प्रकारची नक्षी धातूच्या ठशावर उतरवून चकचकीत प्लॅस्टिकवर दाबून छापता येते. १९८३ पासून बँकांच्या पत्रिकांवर असे होलोग्राम दिसू लागले. भारतात अनेक राज्यांत मद्याच्या बाटल्यांवरील उत्पादनशुल्काच्या पट्टीसाठीही त्यांचा उपयोग केला गेला आहे. अशा नक्षीची नक्कल करणे कठीण असते, ह्याचे कारण वर आलेच आहे. नक्कल काढणारे साधे यंत्र फक्त तीव्रता टिपते. कोनागणिक बदलणारा प्रकाश त्याच्या हाती लागत नाही.

चालती प्रतिमा आणि पुढील वाट

होलोग्राम चालता-बोलता करावयाचा, तर त्याची नक्षी सेकंदाला अनेकदा बदलली पाहिजे. अशी नक्षी गणकयंत्राने काढता येते, हे १९६० नंतरच्या दशकातच सिद्ध झाले होते. ती दाखवावयाची कशावर हा खरा प्रश्न आहे. १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे बेंटन ह्यांच्या गटाने स्फटिकात उच्च कंप्रतेचे ध्वनितरंग सोडून त्यांच्यावरून लेसरचा प्रकाश वळविला आणि काही घन सेंटिमीटरांची हलती प्रतिमा मिळविली. ध्वनितरंगांवरून प्रकाशाचे विवर्तन कसे होते, ह्याविषयीचा एक पायाभूत सिद्धांत बंगळूरला चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ ह्यांनी १९३५-३६ मध्ये मांडला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

अडचण किती मोठी आहे हे एका साध्या हिशेबावरून कळेल. रुंद कोनातून पाहता यावा असा होलोग्राम दाखवावयाचा, तर त्याचे ठिपके एकमेकांपासून सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरवर असावे लागतात. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकटीत असे ४,००० कोटी ठिपके होतात. आजच्या उत्तम दूरदर्शन संचाच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. तळहाताएवढ्या चौकटीसाठी अशा जवळजवळ ४,८०० पडद्यांची सामग्री लागेल आणि ती दर सेकंदाला अनेकदा बदलावी लागेल. गॅबोर ह्यांची कल्पना जशी लेसरची वाट पाहत थांबली होती, तशीच चालत्या होलोग्रामची कल्पनाही योग्य साधनाची वाट पाहत आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. इंडिया गेटजवळची प्रतिमा ३०,००० ल्यूमेन क्षमतेच्या प्रक्षेपकाने ९० टक्के पारदर्शक अशा पडद्यावर पाडली होती. म्हणजे ते प्रक्षेपण होते आणि मूळ वंश जादूच्या कंदिलाचाच होता. ८ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच जागी ग्रॅनाइटचा पुतळा उभा राहिला. त्याच्याभोवती फिरले, तर त्याची बाजू दिसते आणि पाठही दिसते. प्रकाशप्रतिमेभोवती फिरून तिची दुसरी बाजू पाहता आली नसती.

तेव्हा कसोटी अगदी साधी आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. प्रतिमा पाहताना दोन पावले बाजूला सरकावे. जे आधी लपलेले होते ते दिसू लागले, तर तेथे प्रकाशाचा तरंग त्याच्या कलेसह पुन्हा उभा केलेला आहे. काहीच बदलले नाही, तर ते पडद्यावरचे किंवा काचेतले चित्र आहे, मग त्याला नाव कोणतेही दिलेले असो.